काका, तुम्ही आधी मजुरीचं विचारलंत

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "जाऊ दे माय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही जे केलंत तेही चारचौघांतच केलंत.

जळगावच्या त्या उद्योजकांच्या बैठकीत मला यशोगाथा सांगायला बोलावलं होतं. रावेर-यावल पट्ट्यात घड उतरवला की केळीचं खोड बांधावर कुजत पडतं, आम्ही त्यातून धागा काढतो, गावातल्या बायांना काम मिळतं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही जोडलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. पण मी खरं ते सांगितलं. खरेदीदाराकडे पैसे अडकलेत, पावसाळ्यात धागा नीट वाळत नाही, आणि दिवाळीपर्यंत कारखाना चालेल की नाही याची मलाच खात्री नाही.

सभागृह गप्प झालं. सूत्रसंचालकाने घाईघाईने पुढचं नाव पुकारलं. नवउद्योजकांना घडवतो म्हणणाऱ्या मार्गदर्शकांनी मला हेच तर बजावलं होतं: झाकली मूठ सव्वा लाखाची, संस्थापक डळमळला असं दिसलं की गुंतवणूकदार फिरकत नाही. त्यांना अडचण सांगितली की ते पुढची स्लाइड दाखवायचे. पैसे थकले तेव्हा त्यांच्यातल्या एकानेही फोन उचलला नाही.

मी खाली आले तेव्हा तुम्ही शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतलीत, मला बसवलंत आणि हळूच विचारलंत, "बायायची मजुरी राह्यली का माय?"

किती बुडाले, कर्ज किती, चूक कोणाची, यातलं काही नाही. आधी मजुरी. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. माझी झोप त्याच प्रश्नाने उडाली होती, आणि तुम्हाला तो न सांगता कळला, कारण तुम्ही त्यातून गेला होतात.

मग तुम्ही उठून माईक मागून घेतलात. डाळमिल बंद पडली तेव्हा गावाला "मशीन दुरुस्तीला आहे" असं सांगत होतो, आणि शटर ओढून आत एकटाच बसायचो, हे तुम्ही त्या भरल्या सभागृहात सांगितलंत. तुमच्या वयाचा, तुमच्या नावाचा माणूस! त्यानंतर मागच्या रांगेतला ठिबकच्या सुट्या भागांचा धंदा करणारा पोरगा उठला. मग दुधाचा व्यवसाय करणारी एक ताई. दोघांचंही दुखणं तेच: माल गेला, पैसे नाहीत. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं २००६ चा कायदा सांगतो. पण पुढची ऑर्डर जाईल म्हणून कोणी तोंड उघडत नाही, आणि जो तो समजतो की बुडाला तो फक्त आपलाच धंदा.

बोलण्याची किंमत पडते, हेही खरं. दुसऱ्याच दिवशी एका दुकानदाराने माझी उधारी बंद केली. तरी मी म्हणेन, बोलावं. फक्त तुम्ही घातलेली अट पाळून: ज्यांचं पोट आपल्या कामावर आहे त्यांना आधी सांगायचं, मग गावाला. माझ्या बायांना सगळं माहीत होतं, म्हणून मला व्यासपीठावर उभं राहता आलं. आणि नव्या पोरांनी बोलावं असं वाटत असेल, तर ज्यांचं बस्तान बसलंय त्यांनी आधी बोलायला हवं. पडलो तर गाव हसेल, ही भीती नवख्याला जास्त असते. तुमच्यासारखी साधी, सरळ माणसं खान्देशात अजून आहेत, म्हणून इथे धंदा करावासा वाटतो.

पुढे तुम्ही कोणाकोणाला फोन केलेत, ते इथे लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही. मजुरी चुकती झाली, एवढं सगळ्यांना कळू दे.

थंडी पडली की शेतात भरिताचा बेत आहे. बायांनी तुम्हाला आणि काकूंना खास बोलावलंय. यायचं म्हणजे यायचं.

तुमची,
सावद्याची धागेवाली