रामापिथेकसला पूर्वजपदावरून कधी उतरवणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासच्या सराव चाचणीत नुकताच एक प्रश्न आला होता : ‘मानवाचा सर्वांत प्राचीन पूर्वज कोणता?’ पर्याय चार – रामापिथेकस, ऑस्ट्रेलोपिथेकस, निअँडरथल, क्रो-मॅग्नन. आमच्या नेवाशाच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलीनं ऑस्ट्रेलोपिथेकसवर खूण केली. उत्तरतालिकेत मात्र रामापिथेकस. तिचा गुण तर गेलाच, वर निगेटिव्ह मार्किंग. तिनं विचारायला फोन केला तेव्हा सांगण्यात आलं, ‘गाइडमध्ये तसंच आहे, परीक्षेतही तसंच लिहायचं.’ मी तालुक्याच्या ठिकाणी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, म्हणून ती गाइड घेऊन माझ्याकडे आली. मी पानं चाळली. माणसाची उत्क्रांती म्हणून एक बाणांची रांग, आणि त्या रांगेत वरून दुसऱ्या-तिसऱ्या जागी रामापिथेकस. तिचं उत्तर बरोबर होतं. रामापिथेकस आपला पूर्वज नाही, हे शास्त्रज्ञांनी चाळीस वर्षांपूर्वीच मान्य केलं आहे.

हे पत्र त्या एका गुणासाठी नाही. ही हकिगत मुलांपर्यंत पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मानवी उत्क्रांती कशी अभ्यासतात हे समजावून द्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही, आणि ते आपल्याच शिवालिक टेकड्यांत सुरू होतं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा जी. एडवर्ड लुईस नावाचा तरुण विद्यार्थी 1932 साली हिमाचलातल्या बिलासपूर भागात, हरितल्यांगर इथं जीवाश्म शोधत होता. त्याला वरच्या जबड्याचा उजवीकडचा तुकडा मिळाला, त्यात काही दात. कवटी नाही, हात-पाय नाहीत, डावी बाजू नाही. 1934 साली त्यानं त्याला रामापिथेकस हे नाव दिलं आणि हा प्राणी माणसाच्या वळणाचा दिसतो असं लिहिलं. तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. 1961 साली येलमध्येच एल्विन सायमन्स यांनी तो तुकडा पुन्हा बाहेर काढला, पुढे डेव्हिड पिल्बीम त्यांना येऊन मिळाले. केनियात फोर्ट टर्नन इथं लुई लीकी यांना सापडलेले जबड्याचे तुकडेही त्यांनी रामापिथेकसमध्येच धरले. ते 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे माणसाची शाखा वानरांपासून तेव्हाच वेगळी झाली होती, असं ठरलं. मी 1977 साली बी.एस्सी. झाले. आमच्या पुस्तकात हेच होतं आणि त्या काळी ते तसंच असायला हवं होतं.

या मताला आधार दातांचा होता. दाढांवरचं एनॅमल म्हणजे कठीण आवरण जाड, सुळा लहान, आणि तिसरी गोष्ट दातांची कमान. वर्गात हा भाग आला की मी मुलांना कणकेचा चपटा गोळा द्यायची आणि त्यावर वरचे दात रोवायला सांगायची. ठसा उमटला की दिसतं : पुढून मागे जाताना आपली दातांची रांग बाहेर पसरत जाते. शेजारी चिंपांझीच्या जबड्याचं चित्र ठेवायचं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाढा जवळजवळ समांतर, पुढे मोठे सुळे. पोरं आपापल्या कणकेकडे आणि चित्राकडे आळीपाळीनं बघत, एकमेकांच्या दातांची तुलना करत, आणि पुढचा अर्धा तास मला फळ्यावर काही लिहावंच लागत नसे.

आता लुईसच्या तुकड्याकडे या. त्यात जबड्याची मधली रेषाच नव्हती. उजवी बाजू आरशात धरल्यासारखी उलटून डावी बाजू ठरवायची, पण दोन्हींमध्ये अंतर किती ठेवायचं हे सांगायला हाड नाही. फुटक्या बांगडीच्या तुकड्यावरून अख्खी बांगडी केवढी असेल हे ठरवण्यासारखंच ते. अंतर थोडं वाढवलं की कमान माणसासारखी दिसते. तशी ती जुळवली गेली. 1973 साली अ‍ॅलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी केनियातल्या तुकड्यांची जुळणी पुन्हा केली, तेव्हा कमान माणसासारखी गोलसर पसरणारी निघाली नाही, इंग्रजी ‘व्ही’सारखी निघाली.

त्याआधीच धक्का बसला होता, आणि तो हाडांकडून बसला नव्हता. 1967 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या व्हिन्सेंट सॅरिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना केली. माणसाचं अल्ब्युमिन सशाला टोचलं की सशाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती प्रतिपिंडं मग चिंपांझीच्या, गोरिलाच्या, साध्या माकडाच्या अल्ब्युमिनशी मिसळून बघायची. नातं जितकं जवळचं, तितकी प्रतिक्रिया जोरदार. माणूस आणि चिंपांझी इतके जवळ निघाले की त्यांच्या शाखा वेगळ्या होऊन फार तर 50 लाख वर्षं झाली असावीत, असा हिशेब आला. एकीकडे 1 कोटी 40 लाख, दुसरीकडे 50 लाख. दोन्ही खरं असू शकत नव्हतं. पुढे सॅरिच यांनी तर असं लिहिलं की 80 लाख वर्षांहून जुना जीवाश्म दिसायला कसाही असो, तो मानवकुळात धरायची सोय आता उरलेली नाही. हाडं अभ्यासणाऱ्यांना हे झोंबलं. सशाच्या रक्तावरून आमच्या जीवाश्मांचा निकाल लावणारे हे कोण, असाच बहुतेकांचा सूर होता आणि भांडण बरीच वर्षं चाललं.

निकाल लागला तो पुन्हा हाडांनीच. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिल्बीम यांच्याच पथकाला शिवापिथेकस या प्राचीन वानराचा बराचसा पूर्ण चेहरा मिळाला आणि 1982 च्या जानेवारीत त्याची माहिती छापून आली. (शिवापिथेकस हाही शिवालिकचाच, 1910 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी नाव दिलेला.) आत वळलेला चेहरा, उभट डोळ्यांच्या खोबणी, दोन्ही डोळ्यांमध्ये अगदी थोडी जागा. बघणाऱ्याला पहिल्या नजरेत आठवतो तो आजचा ओरँगउटान वानर. रामापिथेकस म्हणून वेगळा काढलेला प्राणी दातांनी शिवापिथेकसहून फारसा वेगळा नव्हताच. तो त्याच प्रजातीसमूहातला लहान चणीचा, बहुधा मादी, हे मत रुजलं. म्हणजे ज्याला आपण आजोबा म्हणत होतो तो निघाला सुमात्रा-बोर्निओच्या ओरँगउटानचा आप्त. आणि हे मान्य करणाऱ्यांत पिल्बीम स्वतः होते, ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षं उलट बाजू मांडण्यात घालवली होती. ही गोष्ट मी मुलांना नेहमी सांगत आले, कारण एखाद्या विद्वानानं पुराव्यापुढे स्वतःचं मत सोडताना मुलांनी पाहिलं पाहिजे.

मग त्या प्रश्नाचं उत्तर काय? दिलेल्या चारांत सर्वांत जुना पूर्वज ऑस्ट्रेलोपिथेकस. त्याचे जीवाश्म 40 लाख वर्षांच्याही मागे जातात. इथिओपियातल्या हादर इथं 1974 साली सापडलेला ‘ल्युसी’ नावाचा त्याचाच सांगाडा 32 लाख वर्षांपूर्वीचा. टांझानियात लेटोली इथं ज्वालामुखीच्या राखेवर दोन पायांवर चालत गेलेल्यांच्या पावलांचे ठसे आहेत, ते 36 लाख वर्षांपूर्वीचे. त्याच्याही मागे इथिओपियातला अर्डिपिथेकस, 44 लाख वर्षांचा, आणि 2001 साली चाडमध्ये मिळालेली सहेलअँथ्रोपसची कवटी, 60 ते 70 लाख वर्षांची. ती मानवकुळातलीच का, यावर अजून वाद आहे. पण हे सगळं आफ्रिकेतलं, आणि रामापिथेकस यात कुठंच नाही.

पूर्वज भारतात सापडला, त्याला रामाचं नाव, म्हणून काही जणांना तो सोडवत नाही, हे मला कळतं. पण त्यासाठी चुकीच्या जबड्याला धरून बसण्याची गरज नाही. शिवालिकचा पूर्वज ज्या 1982 साली गेला, त्याच वर्षी 5 डिसेंबरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा इथं खऱ्याखुऱ्या प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. आधी तो होमो इरेक्टसचा मानला गेला, नंतर केनेथ केनेडी आणि इतरांनी तो आद्य होमो सेपियन्सकडे, म्हणजे आपल्याच प्रजातीकडे, झुकतो असं दाखवलं. किती गाइडांमध्ये हथनोराचं नाव आहे? मी पाहिलेल्या एकातही नाही.

आमच्या नेवाशाचंच घ्या. पैस खांबाच्या दर्शनाला महाराष्ट्रातून माणसं येतात आणि याव्यातच. पण याच प्रवरेच्या काठावर, चिरकी नाल्याजवळ, अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी 1950च्या दशकात इथं काम केलं. पुढे 1966 ते 1969 मध्ये गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन संशोधक बाईंनी चिरकीला उत्खनन केलं, आणि तिथून त्या इथिओपियातल्या हादरच्या मोहिमेत गेल्या, जिथं ल्युसी मिळाली. नेवाशातल्या मुलाला हे माहीत नसतं. त्याला पाठ असतो बाणांच्या रांगेतला रामापिथेकस.

एनसीईआरटीनं 2022 साली दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला, त्यावर 2023 साली देशातल्या 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्यांचं पत्र काढलं. ते योग्यच होतं. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात उत्क्रांती आहे याचा मला आनंद आहे. पण धडा असून भागत नाही. माकडापासून माणसापर्यंत एकामागून एक चालणाऱ्या आकृत्यांची रांग दाखवली की मुलाच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘मग आताची माकडं माणूस का होत नाहीत?’ 2018 साली तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीही तशाच अर्थाचं विधान केलं होतं, की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. या प्रश्नाचं उत्तर रांगेत नाही, फांद्यांमध्ये आहे. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलत भाऊ आहे. ओरँगउटान त्याहून लांबचा, आणि त्याच्या फांदीवर शिवापिथेकस. हे एवढं चित्र फळ्यावर काढायला पाच मिनिटं लागतात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पाठ्यपुस्तक मंडळानं पुढच्या आवृत्तीत मानवी उत्क्रांतीच्या पूर्वजांच्या यादीत रामापिथेकस कुठं असेल तर तो काढावा, आणि रांगेच्या जागी फांद्यांची आकृती द्यावी. सोबत चौकटीत त्याची हकिगत द्यावी, म्हणजे मत का बदललं हे मुलांना कळेल. लोकसेवा आयोगानं आणि इतर परीक्षा मंडळांनी प्रश्नपेढीत हा प्रश्न असेल तर तपासून घ्यावा. चुकीच्या उत्तरतालिकेवर हरकत घेणाऱ्या मुलाला पुराव्याची जुळवाजुळव एकट्यानं करावी लागते, ते त्याचं काम नाही. शाळांना कवट्यांचे प्लास्टरचे साचे मिळाले तर फारच उत्तम. तोवर कणकेवर भागतं.

त्या मुलीनं क्लासला आता लेखी हरकत पाठवली आहे. सोबत 1967 आणि 1982 च्या संशोधनाचा उल्लेख करून एक पान मी लिहून दिलं. अजून उत्तर आलेलं नाही. अशीच उत्तरतालिका हातात पडलेल्या आणखी कुणाला ते पान हवं असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी लगेच पाठवीन.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
नेवासे, जि. अहिल्यानगर