पेटीवरची मोडकी जोडाक्षरे

संपादक महोदय,

हापूसच्या पेट्यांवर, होमस्टेच्या फलकांवर एआयची चित्रे दिसू लागली आहेत; अक्षरे मात्र मोडकी. चित्र काढणारे एआय अक्षरेही रंगवूनच काढते, म्हणून ‘रत्नागिरी’तला ‘त्न’ बिघडू शकतो. साधन निवडताना आधी हेच पाहावे : मजकूर चित्रावर वेगळा, युनिकोड फाँटमध्ये टाइप करता येतो का? कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनात येतो. एआयकडून फक्त पार्श्वचित्र घ्यावे (तेही तपासून, आंबा हापूसच दिसेल याचा भरवसा नाही), अक्षरांना मुक्ता किंवा बालू फाँट. १०२४ पिक्सेलचे चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ३.४ इंच छापले जाते. ए-४ला २४८० बाय ३५०८ लागतात. पडद्यावरचा झगझगीत केशरी शाईत मळकटतो, तेव्हा नमुना प्रत आधी काढावी.

– एक वाचक, रत्नागिरी