झंड हनुमानाला जाताना मोहाचा बहर लक्षात घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हनुमान जयंती जवळ आली की बडोद्यातल्या मराठी घरांत झंड हनुमानाच्या दर्शनाचे बेत सुरू होतात. अंधारात निघायचं आणि ऊन चढायच्या आत दर्शन उरकायचं, असा बहुतेकांचा शिरस्ता. पण हे देवस्थान जांबुघोड्याच्या जंगलात आहे. एकेकाळचं हे संस्थानी शिकारीचं रान १९९० पासून अभयारण्य झालं. सुमारे १३० चौरस किलोमीटरच्या या साग-बांबूच्या रानात बिबट्या आहे, चौशिंगा आहे, अस्वल आहे. आणि चैत्र म्हणजे तिथे मोहाचा बहर.

मोहाची फुलं पहाटे गळतात. फिकट पिवळी, गरदार, बोटात धरली तर चिकट गोड रस लागतो. झाडाखाली सडा पडतो आणि उग्र गोडसर वास लांबवर जातो. अस्वलाला या फुलांचा भारी सोस. त्याच अंधुक उजेडात राठवा आदिवासी बायका-मुलं टोपल्या घेऊन तीच फुलं वेचतात. वाळवून विकली की हातात रोख पैसा येतो. अस्वलाची नजर बेताची. खाण्यात गुंतलेलं असताना माणूस अचानक जवळ आला तर ते दचकून थेट अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असलेल्या मादीबद्दल तर बोलायलाच नको.

गेल्या चैत्रात आमच्या पुढच्या गाडीतली मंडळी रस्त्याकडेच्या मोहाखाली थांबली आणि मोठ्याने स्पीकर लावला. फुलं वेचणाऱ्या दोन बायका लगबगीने रस्त्यावर आल्या. "रींछ अंदर छे, बंद करो," एवढंच एकीने सांगितलं. आपण गाडीत बसून पुढे जातो. बिथरलेलं जनावर त्यांच्या वाटेवर राहतं. मला या गोष्टीचा फार त्रास झाला.

दर्शनाला जरूर जावं, मीही जाणार आहे. पण चांगलं उजाडल्यावर जंगलात शिरावं, दिवस कलायच्या आत बाहेर पडावं, मोहाखाली गाडी थांबवू नये, स्पीकर बंदच ठेवावा. बस नेणाऱ्या मंडळांनी सहलीच्या सूचनेतच हे छापावं. आपणही हनुमान जयंतीच्या आठवड्यात या सूचनांची चौकट पहिल्या पानावर द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे