भरघोस झाड आणि त्याचे बी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घेवड्याचे बियाणे राखण्याविषयी आपल्या कृषी पानावर आलेल्या लेखात, सर्वांत जास्त शेंगा लागलेल्या झाडाचे बी धरत गेल्यास उत्पादन दरवर्षी वाढते, असे म्हटले आहे. हा सल्ला सरसकट लागू पडत नाही.

घेवड्यात बहुतांशी स्वपरागीभवन होते, म्हणजे फुलाला स्वतःचेच पराग मिळतात, त्यामुळे स्थिरावलेल्या वाणातील एका झाडाची संतती पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ एकसारखी राहते. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घेवड्याच्या अशा, प्रत्येकी एकाच झाडापासून निघालेल्या, १९ वंशावळी वेगळ्या राखल्या होत्या. सर्वांत जड वंशावळीचा दाणा सरासरी सुमारे ०.६४ ग्रॅम, तर सर्वांत हलक्या वंशावळीचा सुमारे ०.३५ ग्रॅम भरला आणि हा फरक पुढच्या पिढीत उतरला. मात्र एकाच वंशावळीतले टपोरे आणि बारीक दाणे निरनिराळे पेरले, तेव्हा दोन्हींच्या संततीचे सरासरी वजन जवळपास सारखेच आले. शेंग सोलून पाहावी. टोकाकडचा दाणा पुष्कळदा किरकोळ असतो, पण तो भेद पोषणाचा आहे, जनुकांचा नव्हे.

दोन वाणांच्या संकरानंतरची गोष्ट वेगळी, कारण तिथे निवडीला खरोखर वाव असतो, फक्त तो सगळ्या गुणांना सारखा नसतो. शेंड्याला फुले येऊन वाढ थांबण्याचा गुण सहसा एकाच अप्रभावी जनुकावर, म्हणजे दोन्हीकडून आले तरच दिसणाऱ्या जनुकावर, ठरतो. दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्सा झाडे तशी निघतात आणि ती त्या गुणापुरती शुद्धच असतात. उत्पादनामागे मात्र अनेक जनुके असतात, शिवाय ओल, खत आणि मोकळी जागा यांचाही त्यात हात असतो, म्हणून एकट्या झाडाच्या शेंगा मोजून त्याची पारख होत नाही. त्यातच दुसऱ्या पिढीत पालकांमध्ये भिन्न असलेल्या जनुकांच्या निम्म्या जोड्या मिश्र, म्हणजे दोन वेगळ्या रूपांच्या, असतात आणि अशा झाडाची संतती एकसारखी निघत नाही. त्यांचे प्रमाण दर पिढीत निम्मे होत सहाव्या पिढीत सुमारे ३ टक्क्यांवर येते. तोवर थांबून, अनेक हंगामांत आणि ठिकाणी वंशावळींची तुलना करणे कंटाळवाणे खरे, पण त्याला पर्याय मला दिसत नाही.

आणखी एक. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ कार्ल सॅक्स यांना १९२३ साली घेवड्याच्या एका संकरात दाण्याचा रंग आणि वजन जोडीने उतरताना आढळले होते; तेव्हा केवळ रंग पाहून बी निवडणाऱ्याच्या हातून वजनही नकळत बदलू शकते.

लेखकांनी निवडलेले झाड कोणत्या पिढीतले होते आणि वाफ्याच्या कडेला होते की मध्यभागी, एवढे त्यांनी कळवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक