हिरव्या चांदणीकडं बघायला सांगणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांचं असतं, बिलावर दवाखान्याचं. अंधाऱ्या खोलीत ओसीटी मशीनपाशी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या मशीनपाशी, बसणाऱ्या बाईंचं कुठंच नसतं. म्हणून हे उघड पत्र. मी कोल्हापूरच्या गुजरीतला, सराफ बाजारातला, साजाचा कारागीर. ‘मशीन बिघडलंय तुमचं’ म्हणून हुज्जत घातलेला तोच.

भिंग मी उजव्या डोळ्याला लावतो, डावा मिटलेला. त्यामुळं डाव्याचं काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. एकदा उजव्यात कचरा गेला, तो मिटला, आणि समोरच्या खिडकीच्या सळ्या मधोमध फुगलेल्या दिसल्या. चष्मा बदलला. चार महिन्यांनी परत बदलला. दोन्ही वेळा पैसे गेले, पण शुगर आहे का, हे कुणी विचारलं नाही. अकरा वर्षांची आहे!

‘काका, हनुवटी टेका, हिरव्या चांदणीकडं बघा,’ म्हणालात. मग स्क्रीन माझ्याकडं वळवलीत. पापुद्र्यावर पापुद्रे. ‘इथं मधे खळगा पाहिजे, तुमच्यात टेकाड झालंय. काळे दिसतात ते पाण्याचे फोड.’ शुगरनं बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात आणि नेमक्या नजरेच्या जागी, मॅक्युलात, पाणी साचतं. तिथल्या जाडीचा आकडा होता ४६२ मायक्रॉन. साधारण २५०-२७० असायला हवा होता. २५० म्हणजे पाव मिलिमीटर. तेवढा पत्रा मी रोज चिमटीत धरतो, मला लगेच कळलं. पत्राच फुगला तर वरची नक्षी सरळ कशी दिसेल? आणि त्याला चष्मा काय करणार?

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर मी उठायलाच निघालो होतो. तुम्ही काहीच गुळमुळीत बोलला नाहीत. थेंबांनी डोळा बधिर करतात, पापण्यांना क्लिप लावतात, क्षणभर दाब जाणवतो, एखादा दिवस काळे ठिपके तरंगतील. पण दुखणं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी यायचं, सकाळची वाट बघायची नाही. अगदी तसंच झालं, ठिपक्यांसकट.

दुसऱ्या इंजेक्शननंतर आकडा ३१८ वर आला आणि मी हुशार झालो. लग्नसराई होती, तारीख चुकवली. तुमचा फोन आला, ‘काका, पाणी उपसलंय, गळती थांबलेली नाही.’ त्या एका वाक्यावर दुकान पोरावर टाकून आलो. खरं सांगतो, नुसतं ‘फॉलोअपला या’ म्हणाला असता तर आलो नसतो.

आता पाच झालीत. शुगर आणि बीपीही वहीत लिहितो, कारण नुसत्या सुईनं भागत नाही, हेही तुम्हीच बजावलंत. साजातले जवाएवढे बारीक जवमणी ओवायचं काम पोराकडं दिलंय, ते परत जमेल असं वाटत नाही. साजाच्या पानड्यांना झिलई मात्र मीच देतो.

तुम्ही दिलेला चौकटींचा कागद आरशाशेजारी चिकटवलाय. रोज चष्मा लावून एकेक डोळा झाकून बघतो. मधल्या ठिपक्याच्या डावीकडची तिसरी उभी रेघ अजून जराशी वाकते. सोमवारी येतोय, तेवढी मशीनवर बघा.