विम्याच्या कागदातले ‘ॲव्हरेज’ मराठीत सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे संपत आला की आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत खालच्या फळ्यांवरचा माल माळ्यावर चढवायची घाई सुरू होते. विम्याचे नूतनीकरणही अनेक जण पावसाच्या तोंडावरच उरकतात. त्या कागदांतल्या आणि सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या) तोंडातल्या ‘ॲव्हरेज’ या शब्दाबद्दल हे पत्र लिहीत आहे. तो शब्द आपण सगळे रोज वापरतो, पण विम्यात त्याचा अर्थ वेगळा आहे, आणि तो कळेपर्यंत माझे चार लाख गेले होते.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. आमचे कापडाचे दुकान आहे. पाणी ओसरल्यावर शटर वर केले तेव्हा साड्यांचे गठ्ठे चिखलात रुतून बसले होते. भिजलेला तागा किती जड होतो ते त्या दिवशी कळले. एकेक तागा दोघे धरून बाहेर काढत होतो, आणि पिळला की लाल-हिरवे पाणी एकत्र होऊन पायावर गळत होते. माळ्यावरचा माल तेवढा वाचला. सर्व्हेअर आले, खरेदीची बिले आणि स्टॉकचे रजिस्टर पाहिले. दुकान आणि माळा मिळून माल 20 लाखांचा, त्यातला 10 लाखांचा गेला. विमा 12 लाखांचा होता. नुकसान विम्याच्या रकमेच्या आतच आहे, तेव्हा ठरलेली वजावट सोडली तर बाकीची भरपाई मिळेल, असे मी धरून चाललो होतो.

हिशेब झाला सहा लाखांचा. मी विचारले तेव्हा सर्व्हेअर म्हणाले, “काका, ॲव्हरेज लागलंय.” मी म्हटले, “सरासरी कशाची? सगळ्या दुकानांच्या नुकसानीची सरासरी काढली का?” त्यांनी सूत्र लिहून दाखवले. विम्याची रक्कम भागिले मालाची खरी किंमत, गुणिले नुकसान. बारा भागिले वीस, गुणिले दहा, म्हणजे सहा. यात सरासरी कुठे आहे, हे मला तरी दिसेना.

उलगडा केला माझ्या भाच्याने. तो न्हावा-शेवा बंदरात क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे बंदरातून माल सोडवून देणाऱ्याकडे, नोकरीला आहे. तो म्हणाला, “मामा, आमच्याकडे ॲव्हरेज म्हणजे नुकसानच.” जहाजाच्या व्यवहारात ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणजे सगळ्यांनी मिळून सोसायचे नुकसान आणि ‘पर्टिक्युलर ॲव्हरेज’ म्हणजे ज्याचे त्यानेच सोसायचे. भारताच्या 1963च्या सागरी विमा कायद्यात आजही हे शब्द याच अर्थाने आहेत. मग मी वाचत गेलो, आणि जे सापडले ते प्रत्येक दुकानदाराला कळावे असे वाटते.

या शब्दाचे मूळ अरबी ‘अवार’ असे सांगितले जाते. अर्थ दोष, मालाला लागलेली खोट. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून तो इटालियन बंदरांत ‘अवारिया’ झाला, फ्रेंचमध्ये ‘अवारी’, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरला. शेवटचे ‘एज’ इंग्रजांनी ‘डॅमेज’च्या धर्तीवर जोडले. फ्रेंच आणि इटालियन माणूस आजही तो शब्द नुकसान, बिघाड या अर्थीच वापरतो. जर्मनमध्ये ‘हावारी’ म्हणजे जहाजाचा अपघात. सरासरीचा अर्थ एकट्या इंग्रजीने लावला, तोही अठराव्या शतकात.

आपल्या मराठीत ‘खोट’ या एकाच शब्दात मालातला दोषही आहे आणि धंद्यातला तोटाही आहे. ‘साडीत खोट निघाली’ आणि ‘यंदा धंद्यात खोट बसली’ हे आम्ही एकाच दमात बोलतो. म्हणूनच ‘अवार’ मला परका वाटला नाही. ‘नुकसान’ हाही मुळात अरबीच, फारसीतून आपल्याकडे रुळलेला.

नुकसानीची सरासरी कशी झाली, ते जहाजावर उभे राहिल्याशिवाय समजत नाही. वादळात जहाज बुडायला आले की ते हलके करायला काही माल समुद्रात टाकावा लागतो. कुणाचा टाकायचा? जो हाताशी असेल त्याचा. पण त्याच्या मालाचा बळी देऊन बाकीच्यांचा माल आणि जहाज वाचले, तेव्हा त्याचे नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचे. हा रिवाज फार जुना आहे. सम्राट जस्टिनियनच्या काळात, इ. स. 533 मध्ये, रोमन कायद्याचे जे संकलन झाले त्यात ऱ्होड्स बेटाचा कायदा म्हणून तो नोंदलेला आहे. समजा जहाज आणि माल मिळून किंमत 100 लाख आणि टाकलेला माल 10 लाखांचा. मग प्रत्येकाने आपापल्या किमतीच्या दहा टक्के सोसायचे. ज्याचा माल गेला त्यानेही आपल्या दहा लाखांमागे एक लाख सोसायचा, बाकीचे नऊ लाख त्याला इतरांकडून मिळायचे. नुकसान असे सगळ्यांवर सारखे पसरवण्याच्या या हिशेबालाही ‘ॲव्हरेज’च म्हणू लागले, आणि त्यातूनच पुढे गणितातली सरासरी निघाली. आज आपण गाडीचे ॲव्हरेज विचारतो, फलंदाजाचे सांगतो, मुलाचे मार्क बेताचे असले की ‘ॲव्हरेज आहे’ म्हणतो. त्या शब्दाच्या पोटात समुद्रात फेकलेला कुणाचा तरी गठ्ठा आहे, हे माझ्या मनातून आता जात नाही.

हा रिवाज बंद पडलेला नाही. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे 400 मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाहतूक थांबली. त्यावरचे सगळे 25 खलाशी भारतीय होते. जहाज सुटल्यावर मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले. म्हणजे आपल्या कंटेनरला ओरखडाही नसला तरी जहाज सोडवण्याच्या खर्चातला वाटा मालधन्याच्या अंगावर येतो. विमा असेल तर विमा कंपनी हमी देते. नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय माल हातात पडत नाही. वाटा कसा काढायचा याचे ‘यॉर्क-अँटवर्प नियम’ 1890 पासून याच नावाने चालत आले आहेत.

आता माझ्या सहा लाखांकडे येतो. माझी पॉलिसी आगीची, पुराचे नुकसानही तिच्यातच येते. तिच्यातली अट सांगते, की आपत्तीच्या वेळी मालाची किंमत विम्याच्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर फरकापुरता विमेदार स्वतःच आपली विमा कंपनी समजला जाईल आणि त्या प्रमाणात नुकसान सोसेल. विम्याच्या बोलीत हाच ‘ॲव्हरेज क्लॉज’. 20 लाखांच्या मालाचा मी 12 लाखांचा विमा उतरवला होता, म्हणजे उरलेल्या आठ लाखांपुरता विमा कंपनी मीच. दहाच्या नुकसानीत माझा वाटा चार. तत्त्व म्हणून यात मला खोट काढायची नाही. साठ टक्क्यांचा हप्ता भरून शंभर टक्के भरपाई मागणे पूर्ण हप्ता भरणाऱ्यांवर अन्यायाचे होईल. पण जहाजावर हा शब्द नुकसान झालेल्याच्या मदतीला चार जण उभे करत होता. माझ्या दुकानात त्याने जोडीला मलाच उभे केले, आणि याची कल्पना मला कुणी आधी दिली नव्हती.

12 लाखांचा आकडा तरी कुठून आला? माझी बँकेतली सीसी लिमिट, म्हणजे मालाच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा, 12 लाखांची होती. विमा बँकेमार्फत, बँकेच्या कर्जापुरता. दर वर्षी तोच आकडा पुढे ओढला जायचा आणि हप्ता खात्यातून परस्पर वळता व्हायचा. बँकेचे पैसे सुरक्षित राहिले की काम झाले, असाच तो व्यवहार. बाजारपेठेत विचारले तर अनेकांचे तसेच निघाले. त्यात कापडाच्या धंद्यात गणपती ते दिवाळी माल जवळपास दुपटीने वाढतो. मार्चच्या स्टॉकवर ठरवलेली रक्कम ऑक्टोबरात कशी पुरणार?

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने पॉलिसीचे नवे नमुने आणले आहेत. ‘भारत गृह रक्षा’मध्ये घराला ही कमी विम्याची कपात लागत नाही. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही 5 कोटींपर्यंतच्या, तर ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ ही त्यावर 50 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे. या दोन्हींत विम्याच्या रकमेतली 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. ही चांगली सुधारणा झाली. माझी पॉलिसी फेब्रुवारीतली, म्हणून जुनी. पण नवी असती तरी माझी तूट 40 टक्क्यांची होती; ती या माफीत बसली नसती. म्हणजे आकडा बरोबर लिहिणे हाच उपाय उरतो, आणि तो लिहायचा तर अट समजली पाहिजे.

म्हणून माझी मागणी अशी, की विमा कंपन्यांनी आणि कर्जाबरोबर विमा उतरवणाऱ्या बँकांनी प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर, सहीच्या वरच, मराठीत छापावे : ‘मालाच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा घेतल्यास प्रत्येक नुकसानीत त्याच प्रमाणात भरपाई कमी मिळेल.’ खाली बारा-वीस-दहाचे एक उदाहरण द्यावे. ‘ॲव्हरेज’ हा शब्द तिथे नकोच. आमच्या कानाला तो सरासरी ऐकू येतो आणि माणूस बिनघोर सही करतो. ‘कमी विम्याची कपात’ म्हटले तर गल्ल्यावर बसलेल्या कुणालाही कळेल. आपल्या वृत्तपत्रानेही पावसापूर्वी हे उदाहरण चौकटीत छापावे, ही विनंती.

यंदा मी स्टॉक रजिस्टर घेऊन स्वतः बँकेत गेलो आणि दिवाळीपूर्वीच्या मालाची किंमत अर्जावर लिहून दिली. हप्ता वाढला. टेबलापलीकडच्या मुलाने विचारले, “काका, लिमिट तर तेवढी नाही, मग विमा एवढा कशाला?” त्याला मी तिथेच कागदावर ते सूत्र लिहून दाखवले. त्याने तो कागद ठेवून घेतला.

आपला,
एक कापड दुकानदार, चिपळूण