जुन्या फियाटचे ओरिजिनल पार्ट जपा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आमच्याकडे अण्णांची १९६८ ची फियाट ११०० आहे, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली, आणि गेले दीड वर्ष मी ती पूर्वीसारखी करायला घेतलीय. इंजिनचं काम झालं, १०८९ सीसीचं साधं इंजिन, जुना मेकॅनिक नुसत्या आवाजावरून सांगतो काय बिघडलंय ते. खरी अडचण बारीकसारीक वस्तूंची! पुढच्या दारातल्या तिकोनी काचेची खिटी चोरबाजारात मिळाली म्हणून खूश झालो, एकाने ओरिजिनल म्हणून चांगले पैसे घेतले, घरी येऊन घासलेट लावून पुसली तर क्रोम पापुद्र्यासारखं निघालं आणि खाली प्लास्टिक. अण्णांच्या गाडीची जुनी खिटी हातात घ्या, वजनच वेगळं लागतं.

ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, म्हणजे आपल्याच मुंबईची. पुढे हिचीच प्रीमियर पद्मिनी झाली, टॅक्सी म्हणून राबली आणि २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्यातल्या कितीतरी गाड्या भंगारात तोडल्या गेल्या आणि पद्मिनीचे बरेच पार्ट आमच्या गाडीला चालतात हो.

२०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी, इंजिन मूळचंच हवं. मग सरकारने भंगार केंद्रांना अशा गाड्यांचे चांगले पार्ट वेगळे काढून, गाडीच्या नोंदीसकट विकायला सांगावं. आणि ज्यांच्या माळ्यावर जुने दिवे, हँडल, मीटर पडलेत त्यांनी प्लीज किलोवर देऊ नका, आधी जवळच्या जुन्या गॅरेजवाल्याला दाखवा.

– एक वाचक, पुणे